आजोबांची जुनी रायफल आणि परवडतील अशी काडतुसं: कोल्हापूरकरांसाठी पहिल्यापासून

आमच्या घरात आबांच्या रायफलीला सगळे 'थ्री नॉट थ्री'च म्हणायचे. आबा राजाराम रायफल्समध्ये भरती झालेले. १९४९ साली कोल्हापूर संस्थान विलीन झालं, पलटण मराठा लाइट इन्फंट्रीत गेली, तिच्याबरोबर आबाही गेले. निवृत्त होऊन गावी आल्यावर त्यांनी शेतीच्या राखणीसाठी परवाना काढला आणि रायफल घेतली. ती फौजेतूनच आली, असं गावातल्या थोरामोठ्यांचं ठाम मत. दिसतेही तशीच: लाकडी दस्ता, मागे वाकवलेली बोल्टची (काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणाऱ्या दांड्याची) मूठ, खाली पत्र्याचं मॅगझिन.

आबा गेल्यावर ती माझ्या नावावर करून घ्यायला आणि तिच्यासाठी पहिली दहा काडतुसं रीतसर विकत आणायला मला जवळजवळ दीड वर्ष लागलं. त्यातले सात महिने निव्वळ एका चुकीच्या आकड्यामुळे गेले. करवीर, पन्हाळा, राधानगरी, कागल या भागांत अशा फौजी घरांमध्ये आजही जुन्या रायफली आहेत आणि नातवंडांना त्यांचं काय करायचं ते ठाऊक नाही. 'स्वस्तात काडतुसं कुठं मिळतात?' हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतं. त्याचं उत्तर दुकानाच्या पत्त्यापासून सुरू होत नाही, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

१. आधी रायफल जमा करा

परवानाधारक वारला की त्या दिवसापासून घरातल्या दुसऱ्या कुणाकडेही ती रायफल कायदेशीर नसते. मुलगा असो, नातू असो, स्वतः फौजी असो. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २१ प्रमाणे ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायची. दिवसकार्य उरकलं की पहिलं काम हेच.

लोक इथेच घाबरतात. पोलीस ठाण्यात रायफल घेऊन गेलं तर आपल्यालाच आत बसवतील, असं वाटतं. तसं होत नाही. आधी ठाण्यात फोन करा किंवा पोलीस पाटलांना बरोबर घ्या. रायफल रिकामी करून, बोल्ट वेगळा काढून, कापडात गुंडाळून न्या. मूळ परवाना आणि मृत्यू दाखला बरोबर ठेवा. मुद्देमाल कारकून नोंद करून पावती देतो. त्या पावतीवर रायफलीचा नंबर आणि काडतुसांची संख्या आकड्यात आणि अक्षरात लिहून घ्या. पुढे प्रत्येक टेबलावर ही पावती मागतात.

आता काडतुसांबद्दल. आबांच्या ट्रंकेत तळाला, जुन्या पंच्यात बांधलेलं एक गाठोडं निघालं. त्यात चौदा काडतुसं होती. नऊ एका जातीची, पाच दुसऱ्या. माझा चुलतभाऊ म्हणाला, 'ठेवून दे की, कामाला येतील.' नका ठेवू. बिगरपरवाना साधं शस्त्र किंवा काडतूस बाळगण्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन ते पाच वर्षांची शिक्षा आहे, आणि प्रतिबंधित बोअरचं (बोअर म्हणजे नळीच्या छिद्राचं माप) असेल तर सात ते चौदा वर्षांची. ट्रंकेत सापडलेलं काडतूस आजोबांचं होतं, हे सिद्ध करायची वेळ स्वतःवर आणू नका. चौदाच्या चौदा मी त्याच दिवशी रायफलीबरोबर जमा केली. ती पाच वेगळी काडतुसं खरोखरच ३०३ ची, म्हणजे प्रतिबंधित बोअरची निघाली. ती आज माझ्या कपाटात असती तर हा लेख लिहायला मी मोकळा नसतो.

२. बोअर ओळखा, आणि कुणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवू नका

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा सावकाश वाचा.

भारतात फौजेची काडतुसं ज्यात बसतात आणि उडतात त्या रायफली 'प्रतिबंधित बोअर' मानल्या जातात. ३०३ (म्हणजे .३०३ इंच) आणि ७.६२ (मिलिमीटर) हे त्यातले मुख्य. शिवाय ४१० ची मस्केट, म्हणजे गुळगुळीत नळीची बंदूक. अशा शस्त्राचा परवाना जिल्हाधिकाऱ्यांच्या हातात नसतो, तो विषय दिल्लीला केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जातो. सामान्य माणसाला मिळतात त्या 'अप्रतिबंधित बोअर'च्या रायफली: ३१५, ३०-०६, २२ वगैरे.

फौजेचा बोअर रयतेच्या हाती नको, हे धोरण इंग्रजांपासूनचं आहे. १९०७ च्या सुमारास त्यांनी हिंदुस्थानात ४५० बोअरवर बंदी घातली, तेव्हा शिकारी रायफली बनवणाऱ्या विलायती कंपन्यांनी ४७० आणि ४६५ असे नवे बोअर काढले. ३१५ आपल्याकडे रुजला त्याचंही कारण तेच. ३०३ ची रायफल खाजगी माणसाला देता येत नाही, म्हणून तिच्याच धाटणीची, पण फौजेचं काडतूस ज्यात बसणार नाही अशी रायफल बनवली गेली. पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल फॅक्टरीतून अशा ३१५ रायफली कित्येक वर्षं बाहेर पडत आल्या. बोल्ट, मॅगझिन, ठेवण सगळं ली-एनफिल्डचं, म्हणजे फौजेच्या थ्री नॉट थ्रीचं. त्यामुळे लांबून बघणाऱ्याला ती थ्री नॉट थ्रीच वाटते. आमच्या गावाचीही हीच गफलत झाली होती.

मी काय केलं, तर वारसाचा अर्ज एका सेवा केंद्रात भरायला दिला. तिथल्या मुलाने विचारलं, 'बोअर कुठला?' काकांनी बाजूने सांगितलं, 'थ्री नॉट थ्री.' त्याने यादीतून तेच निवडलं. एका टिचकीत माझा अर्ज प्रतिबंधित बोअरचा झाला आणि भलत्याच वाटेला लागला. तो मागे घेऊन, दुरुस्तीचं प्रतिज्ञापत्र करून, रायफलीची तपासणी करवून पुन्हा दाखल करण्यात सात महिने गेले. आबांच्या परवान्यावर पहिल्या पानावर स्वच्छ '३१५' लिहिलेलं होतं. आम्ही कुणी पान उलटलं नव्हतं.

म्हणून तीन गोष्टी एकमेकींशी ताडून बघा.

पहिली, जुन्या परवान्यावरची नोंद. दुसरी, रायफलीवरचा ठसा. तो नळीच्या मागच्या भागावर किंवा बोल्टच्या खाचेजवळ असतो. वर्षानुवर्षांच्या तेलाखाली दबलेला असतो, तेव्हा पोलीस ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे, त्यांच्या समोर, चिंधीने पुसून भिंगातून वाचा. आमच्या रायफलीवर '८ मिमी' आणि '.३१५' असं दोन्ही होतं. तिसरी गोष्ट काडतूस. त्याच्या बुडावर अक्षरं असतात. आमच्या नऊ काडतुसांवर के आणि एफ ही इंग्रजी अक्षरं होती, म्हणजे किरकी फॅक्टरी, आपली पुण्याची खडकी.

पितळी पुंगळीची, म्हणजे काडतुसाच्या कवचाची लांबीही बरंच काही सांगते, आणि ती मोजायला शाळेची फूटपट्टी पुरते. ३१५ ची पुंगळी ५० मिलिमीटर आणि बुडाला बाहेर आलेली कडा. ३०३ ला तशीच कडा, पण पुंगळी ५६ मिलिमीटर. फौजेच्या ७.६२ ची ५१ मिलिमीटर, बुडाला फक्त खाच, बाहेर आलेली कडा नाही. ३०-०६ ची ६३ मिलिमीटर, तीही खाचेची.

आणि एक सापळा जीवघेणा आहे. परवान्यावर नुसतं '८ मिमी रायफल' असं लिहिलेलं असू शकतं. ३१५ ही ८ मिमीच, पण जर्मन माउझरची ८×५७ हीसुद्धा ८ मिमीच. संस्थानी काळातल्या शिकारी घरांत माउझर पुष्कळ होत्या. दोन्हींची काडतुसं पूर्ण वेगळी, एकमेकांच्या जागी चालत नाहीत. त्यात ८×५७ मध्येही दोन पिढ्या आहेत: जुन्या नळीला .३१८ इंचाची गोळी लागते, १९०५ नंतरच्या नळीला .३२३ इंचाची. जुन्या अरुंद नळीत नवं काडतूस झाडलं तर दाब इतका वाढू शकतो की बोल्ट तोंडावर येईल. तुमची रायफल माउझर निघाली तर जाणकार शस्त्र कारागिराने नळी मोजून लेखी दिल्याशिवाय एकही काडतूस विकत घेऊ नका.

रायफल खरोखरच ३०३ निघाली तर? मग बाजारात काडतुसं शोधत फिरू नका. रायफल जमाच राहू द्या आणि जिल्हाधिकारी कार्यालयामार्फत गृह मंत्रालयाकडे वारस म्हणून अर्ज करा. परवानगी नाही मिळाली तर ती सरकारजमा होऊ शकते. आजोबांची आठवण जाते, मनाला लागतं, मला कळतं. पण 'नळी बदलून देतो' म्हणणाऱ्या मिस्त्रीच्या नादी लागू नका. परवाना नसलेल्या माणसाने शस्त्राची दुरुस्ती करणं किंवा त्यात बदल करणं हा गुन्हा आहे, आणि त्याच्याकडे रायफल देणारा तुम्हीही त्यात येता.

३. परवाना स्वतःच्या नावावर घ्या

कोल्हापुरात पोलीस आयुक्तालय नाही, त्यामुळे परवाना देणारे अधिकारी म्हणजे जिल्हाधिकारी. काम नागाळा पार्कातल्या जिल्हाधिकारी कार्यालयात, गृह शाखेच्या शस्त्र परवाना टेबलावर चालतं. पोलिसांचा अहवाल तुमच्या ठाण्यातून वर जातो.

आजोबा हयात असतील तर हे काम आत्ताच करा. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवानाधारकाने वयाची ७० वर्षं पूर्ण केली किंवा शस्त्र बाळगून २५ वर्षं झाली, यातलं जे आधी घडेल तेव्हा तो आपल्या हयातीत वारसाचं नाव सुचवू शकतो. आबांच्या बाबतीत ही मुभा कितीतरी वर्षं उपलब्ध होती. आम्हाला कुणी सांगितलंच नाही.

लागणारी कागदपत्रं:

- नमुना ए-१ मधला अर्ज, केंद्र सरकारच्या शस्त्र परवाना संकेतस्थळावर भरलेला
- मूळ परवाना आणि मृत्यू दाखला
- वारस दाखला
- बाकीच्या सर्व वारसांचं ना हरकत प्रतिज्ञापत्र
- रायफल जमा केल्याची पावती
- आधार, पॅन, राहत्या घराचा पुरावा, वयाचा पुरावा, फोटो
- शारीरिक व मानसिक आरोग्याचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र, ठरलेल्या नमुन्यात
- शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र
- शस्त्र कुलूपबंद ठेवण्याची हमी
- शेतीच्या कारणासाठी अर्ज असेल तर सातबारा

ना हरकत सगळ्यांची लागते, लग्न होऊन गेलेल्या आत्यांचीही. माझी धाकटी आत्या इचलकरंजीला, थोरली बेळगावला. थोरलीची सही यायला दोन महिने लागले, कारण आम्ही तिला शेवटी विचारलं आणि ती रागावली. पहिल्यांदा तिच्याकडे जायला हवं होतं.

परवाना मिळाला की त्यावर यूआयएन म्हणजे युनिक आयडेंटिफिकेशन नंबर आहे ना, ते बघा. यूआयएन नसलेली जुनी वही आता चालत नाही. नवा परवाना पाच वर्षांचा असतो, पूर्वी तीन वर्षांचा होता. आणि एका माणसाला आता जास्तीत जास्त दोनच शस्त्रं ठेवता येतात. तुमच्याकडे आधीच दोन असतील तर आजोबांची तिसरी घेता येणार नाही.

४. परवान्यावरचे दोन आकडे आणि एक रकाना

काडतुसांच्या दृष्टीने परवान्यात तीन गोष्टी बघायच्या. एका वेळी जवळ किती काडतुसं ठेवता येतील. वर्षभरात एकूण किती घेता येतील. आणि परवाना कुठल्या क्षेत्रापुरता आहे: जिल्हा, राज्य की सगळा देश.

क्षेत्राचा रकाना पैशांशी जोडलेला आहे. परवाना फक्त कोल्हापूर जिल्ह्यापुरता असेल तर पुण्यात काडतूस दहा रुपयांनी स्वस्त आहे याचा तुम्हाला उपयोग नाही. रायफल किंवा काडतुसं घेऊन जिल्ह्याची हद्द ओलांडणं म्हणजे परवान्याची अट मोडणं. अर्ज करतानाच, सबळ कारण देऊन, राज्याचं क्षेत्र मागा. नंतर वाढवून घेणं म्हणजे पुन्हा तेच टेबल आणि तोच पोलीस अहवाल.

५. दुकान आणि भाव

आता मूळ प्रश्नावर येतो.

३१५ चा मोठा फायदा हा की तिची काडतुसं देशात बनतात. १ ऑक्टोबर २०२१ ला आयुध निर्माणी मंडळ मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या. दारूगोळ्याचे कारखाने म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेले, तिचं मुख्यालय पुण्यातच आहे. खडकीचा कारखाना तर १८६९ पासूनचा. म्हणजे आपल्या रायफलीचं खाद्य चार-पाच तासांच्या अंतरावर बनतं. पण ते कारखान्याच्या दारात जाऊन मिळत नाही, परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्यायचं.

देशी ३१५ आणि परदेशी काडतूस यांच्या भावात काही पटींचा फरक असतो. माउझर किंवा जुन्या विलायती बोअरची रायफल असेल तर काडतुसं आयातीची, तीही विक्रेत्याकडे जुना साठा शिल्लक असेल तरच. तेव्हा वारसात दोन रायफली आल्या असतील आणि एकच ठेवायची असेल, तर खर्चाचा विचार करून ३१५ ठेवा. माउझरवर जीव असला तरी. वर्षाला वीस काडतुसंही परवडणार नसतील तर ती रायफल भिंतीवरच राहणार.

भाव काढायची माझी पद्धत अशी. तीन-चार विक्रेत्यांना फोन करायचा आणि एका दमात पाच प्रश्न विचारायचे: ३१५ चा माल आहे का, कुठल्या वर्षाचा आहे, जीएसटी धरून एका काडतुसाला किती, कमीत कमी किती घ्यावी लागतील, आणि नवा माल कधी येणार. 'या, बघू' असं उत्तर आलं की मी जात नाही. नुकताच माल आलेला असेल तेव्हा भाव सरळ असतो. साठा संपत आला की तेच काडतूस महाग होतं. निवडणूक जाहीर होण्याच्या आसपास आणि सणासुदीला जाऊ नका. मी जूनच्या आधी, उन्हाळ्यात एकदाच जातो.

चार मित्रांनी मिळून घाऊक घेऊ, असा विचार कुणी केला तर तो तिथेच सोडा. एकाच्या परवान्यावर घेऊन दुसऱ्याला वाटणं हा गुन्हा आहे, सख्ख्या भावालाही. चौघांनी एकाच दिवशी, एकाच गाडीने, आपापला मूळ परवाना घेऊन जाणं मात्र ठीक. गाडीखर्च चार ठिकाणी वाटला जातो, आणि विक्रेताही जरा सैल होतो.

दुकानात जाताना सोबत काय हवं: मूळ परवाना (झेरॉक्सवर काडतूस मिळत नाही), ओळखपत्र, आधीच्या खरेदीच्या पावत्या, झाडलेल्या रिकाम्या पुंगळ्या किंवा त्यांचा हिशोब, आणि कुलूप लागणारी पेटी. पुंगळ्या फेकून देऊ नका. किती झाडली, कुठे झाडली, हे विचारलं जाऊ शकतं, आणि पुंगळी हाच पुरावा. मी एका वहीत तारीख, ठिकाण आणि संख्या लिहितो.

विक्रेता परवान्यावर नोंद करून शिक्का मारतो. दुकानातून पाय बाहेर टाकण्याआधी नोंदीतली संख्या आणि पेटीतली संख्या स्वतः मोजून जुळवा. दहा घेऊन बारा लिहिली गेली, तर त्या दोन न घेतलेल्या काडतुसांचा हिशोब तुम्ही देणार.

या दारांशी जाऊ नका:

फौजेतला किंवा पोलिसातला ओळखीचा माणूस 'थोडी देतो' म्हणाला तर हात जोडा. ती सरकारी मालमत्ता आहे. त्याची नोकरी जाईल आणि तुम्ही दोघेही तुरुंगात जाल. मोबाइलवर जाहिरात करून काडतुसं घरपोच देणारे एक तर लुबाडतात किंवा तुम्हाला गुन्ह्यात ओढतात, काडतूस कुरिअरने येत नसतं. आणि कुणी पुंगळी पुन्हा भरून दिलेली काडतुसं स्वस्तात देत असेल तर ती फुकटही घेऊ नका. आत किती दारू भरली आहे ते बाहेरून कळत नाही, आणि चाप ओढताना तुमचा गाल बोल्टपासून वितभर अंतरावर असतो.

६. काडतूस हातात घेऊन बघा

पहिल्या खेपेला मी परजिल्ह्यातल्या एका दुकानातून दहा काडतुसं घेतली. भाव इतरांपेक्षा कमी होता, त्यामुळे न बघताच पेटीत टाकली. घरी येऊन उजेडात धरली तर चारांच्या गळ्याशी, जिथे गोळी पुंगळीत बसते तिथे, हिरवट कळक चढलेला. कल्हई गेलेल्या पितळी पातेल्यात ताक ठेवल्यावर काठाशी चढतो, अगदी तसा. दहातली तीन उडालीच नाहीत. म्हणजे उडालेली सात मला महाग पडली.

तेव्हापासून मी काउंटरवर पांढरा रुमाल पसरतो आणि एकेक काडतूस फिरवून बघतो. पितळ पिवळं आणि कोरडं हवं. गळ्याशी बारीक चीर नको. गोळी बोटाने हलता कामा नये. बुडातली टोपी (जिच्यावर घाव बसला की बार होतो ती) बाकीच्या बुडाच्या पातळीत किंवा किंचित खाली हवी, वर आलेली नको. तेलकट काडतूस नको, तेल टोपीत झिरपतं. शक्य तर सगळी एकाच वर्षाच्या ठशाची मागा, म्हणजे निशाण्यात फरक पडला तर दोष काडतुसाचा की आपला हे समजतं.

झाडताना काडतूस उडालं नाही तर लगेच बोल्ट उघडू नका. नळी निशाण्याच्या दिशेनेच ठेवून निदान ३० सेकंद थांबा, कधीकधी बार उशिरा होतो. आणि बार झाला पण आवाज फुसका आला, खांद्याला नेहमीचा धक्का बसला नाही, तर तिथेच थांबा. गोळी नळीत अडकलेली असू शकते. रायफल रिकामी करा, बोल्ट काढा, मागून उजेड दिसतो का बघा. त्या अडकलेल्या गोळीमागे दुसरं काडतूस झाडलं तर नळी फाटते.

७. सराव स्वस्त करा

काडतुसांवरचा खर्च सगळ्यात जास्त कुठे वाचतो, तर जी झाडायची गरजच नसते तिथे.

आबा सांगायचे, रंगरूटाला आधी महिनाभर रिकाम्या रायफलीवर घासायचे. श्वास, बोटाचा दाब, बोल्टची हालचाल, हे सगळं डमी काडतुसांवर शिकता येतं. डमी वापरताना जिवंत काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवायची, हा नियम कधीही मोडू नका.

त्यानंतर एअर रायफल आणि २२. कोल्हापूरला हे वेगळं सांगायला नको. तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनचं जागतिक विजेतेपद आणलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ऑलिंपिक कांस्य मिळवलं. हे दोन्ही प्रकार २२ बोअरच्या रायफलीचे. दुधाळीच्या रेंजवर जा, प्रशिक्षकांना भेटा, जिल्हा रायफल संघटनेचं सभासदत्व विचारा. एका ३१५ काडतुसाच्या पैशांत एअर रायफलचे कितीतरी छरे येतात, आणि दहा मीटरवर जो दोष सापडतो तोच शंभर मीटरवरचा दोष असतो. मी सहा महिने एअर रायफल मारली. मग ३१५ ची पाच काडतुसं झाडली, तेवढ्यात मागच्या-पुढच्या साइट जुळल्या.

३१५ ची गोळी फार लांब जाते. ती शेतात, माळावर, विहिरीच्या काठाला झाडून बघायची वस्तू नाही. मोठ्या बोअरची परवानगी असलेल्या रेंजवर, लेखी मंजुरी घेऊनच. वरातीत, वाढदिवसाला हवेत बार काढणं आता स्वतंत्र गुन्हा आहे: दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिकारीचा तर विषयच नाही, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो मिटवला. गवा उसात शिरला, रानडुकरांनी भुईमूग उकरला, तरी आधी वनखात्याकडे अर्ज करून नुकसानभरपाई मागायची. लेखी आदेशाशिवाय बार नाही.

८. पावसाळा

आपल्याकडचा पाऊस पितळ आणि पोलाद दोन्ही खातो. गगनबावडा, आजरा, राधानगरी भागात राहणाऱ्यांनी तर विशेष जपावं.

काडतुसं घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह, रायफलीपासून वेगळ्या कुलपात ठेवा. चामड्याच्या पट्ट्यात खोचून ठेवू नका, फोटोत छान दिसतं पण चामड्यातल्या रसायनांनी पितळावर कळक चढतो. जुनी काडतुसं आधी वापरा.

जुन्या जमान्यातल्या काडतुसांच्या टोपीतून बार झाल्यावर नळीत एक क्षार बसतो. तो हवेतली ओल ओढतो आणि एका रात्रीत नळी गंजवतो. तो तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. आबा रेंजवरून आले की आजी चुलीवर आधण ठेवायची. ते रायफलीचा बोल्ट काढून, नळी खाली तिरकी धरून, मागून नरसाळ्याने ते उकळतं पाणी ओतायचे. नळी हाताला पोळेल इतकी तापली की पाणी आपोआप वाळायचं. मग सळईला कोरडी चिंधी, ती स्वच्छ निघेपर्यंत दुसरी, तिसरी, आणि शेवटी तेलाची. लहानपणी मला वाटायचं, हा काहीतरी देवधर्मातला विधी आहे. आज सत्तर वर्षांच्या त्या नळीतून उजेडाकडे बघितलं तर आतले आटे आरशासारखे चमकतात, ते त्या आधणाच्या पाण्यामुळे.

९. निवडणुकीत जमा, आणि परत आणताना

आचारसंहिता लागली की शस्त्र जमा करण्याचा आदेश येऊ शकतो. नोटीस आल्यावर मुदतीची वाट बघू नका, रायफल आणि काडतुसं दोन्ही घेऊन जा. ठाण्यात आर्द्रता असते, महिना-दीड महिना रायफल तिथे उभी राहते, म्हणून नळीत आणि बोल्टवर नेहमीपेक्षा दाट तेल लावून, तोंडाला कापडी बोंडा बांधून द्या. काडतुसांचा डबा सिलिका जेलसह बंद करा आणि डब्यावर स्वतःचं नाव, परवाना क्रमांक आणि संख्या लिहिलेली चिठ्ठी चिकटवा. पावतीवर काडतुसांची संख्या आणि बुडावरचं वर्ष दोन्ही लिहून मागा.

परत घेताना तिथेच टेबलावर डबा उघडून मोजा, मग सही करा. घरी आणल्यावर नळीतलं ते दाट तेल कोरड्या चिंधीने पूर्ण पुसल्याशिवाय काडतूस भरू नका. तेल भरलेल्या नळीत बार काढला तर दाब वाढतो.